बोल्टिंग बंधू : ब्रिटिश चित्रपटसृष्टीतील जुळ्या भावांची स्वतंत्र वाटचाल

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये चित्रपटनिर्मितीचा व्यवसाय मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती एकवटला होता. स्टुडिओ त्यांचे, वितरण त्यांचे आणि चित्रपटगृहेही त्यांचीच. अशा काळात जॉन आणि रॉय बोल्टिंग या जुळ्या भावांनी स्वतःची छोटी निर्मितीसंस्था तीन दशकांहून अधिक काळ चालवली आणि लष्कर, न्यायालय, परराष्ट्र खाते, कामगार संघटना, कारखानदार व चर्च यांपैकी कोणालाही आपल्या विनोदाच्या तडाख्यातून सोडले नाही. दोघांपैकी एकाने दिग्दर्शन करावे आणि दुसऱ्याने निर्मितीची बाजू सांभाळावी, पुढच्या चित्रपटात या जागांची अदलाबदल करावी, अशी त्यांची कार्यपद्धती होती.

या दोघांचा जन्म १९१३ च्या अखेरीस इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात, थेम्स नदीकाठच्या ब्रे या गावी झाला. रीडिंग येथील शाळेत शिकत असतानाच त्यांनी चित्रपट मंडळ स्थापन केले. थोरले बंधू सिडनी यांनी रंगभूमीची वाट धरली आणि पीटर कोट्स हे नाव घेतले. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ मध्ये लंडनमध्ये प्रथम रंगमंचावर आले, त्याचे दिग्दर्शन याच कोट्स यांनी केले होते.

जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘चार्टर फिल्म प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. त्याच सुमारास जॉन स्पेनमध्ये जाऊन आले होते. तेथील यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णवाहिका चालवण्याचे काम त्यांनी केले. दोघेही त्या वेळी डाव्या विचारांचे होते आणि युरोपात पसरत चाललेल्या फॅसिझमविषयी त्यांना मनस्वी चीड होती. पुढे कामगार संघटनांची खिल्ली उडवल्याबद्दल ज्यांच्यावर टीका झाली, त्यांची सुरुवात अशी होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रारंभीचे लघुपट आणि कमी खर्चाचे रहस्यपट मागे टाकून त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा विषय म्हणजे ‘पास्टर हॉल’. जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलर यांच्या नाटकावर हा चित्रपट आधारलेला होता. नाझी राजवटीला विरोध करून छळछावणीत गेलेले धर्मगुरू मार्टिन निमोलर यांच्या जीवनावरून टोलर यांना हे नाटक सुचले होते. मात्र युद्धापूर्वी जर्मनीला दुखवायचे नाही, असे ब्रिटनचे धोरण असल्याने सेन्सॉरने या विषयाला परवानगी नाकारली. युद्ध सुरू झाल्यावर तीच कथा एकाएकी राष्ट्रहिताची ठरली आणि रॉय यांच्या दिग्दर्शनाखाली १९४० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहण्यास टोलर हयात नव्हते. निर्वासित अवस्थेत १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी आत्महत्या केली होती. अमेरिकेत हा चित्रपट दाखवण्यात आला, तेव्हा त्याचे प्रास्ताविक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी केले.

युद्धकाळात रॉय भूदलाच्या चित्रपट विभागात, तर जॉन हवाई दलाच्या चित्रपट विभागात दाखल झाले. इजिप्तमधील अल-अलामीन येथे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये झालेल्या निर्णायक लढाईवरील ‘डेझर्ट व्हिक्टरी’ हा माहितीपट रॉय यांनी सिद्ध केला. आघाडीवरील लष्करी छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेली दृश्ये त्यात होती. रात्रीच्या अंधारात शेकडो तोफा एकाच वेळी धडाडतात तो प्रसंग विशेष गाजला. त्यातील सैनिकांच्या चेहऱ्यांची जवळून घेतलेली काही दृश्ये मात्र पाइनवुड स्टुडिओत चित्रित केलेली होती. तोफांच्या उजेडाखेरीज प्रकाश नसताना चेहरे टिपणे त्या काळच्या फिल्मला शक्यच नव्हते. पंतप्रधान चर्चिल यांनी या माहितीपटाच्या प्रती रूझवेल्ट आणि स्टालिन यांना पाठवल्या. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर पुरस्कारही त्याला मिळाला.

रॉय यांचा ‘बर्मा व्हिक्टरी’ (१९४५) हा माहितीपट भारतीय प्रेक्षकांना अधिक जवळचा वाटावा. ब्रिटनच्या चौदाव्या सैन्याने जपानी फौजांना ब्रह्मदेशातून मागे रेटले, त्या मोहिमेची ही चित्रकथा होय. या सैन्यात भारतीय सैनिकांची संख्या सर्वाधिक होती. इम्फाळ व कोहिमा येथील १९४४ च्या लढायांनी या मोहिमेचे पारडे फिरवले. इम्फाळच्या ईशान्येस असलेल्या सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांना अडवून उभी राहिली होती. त्याच वर्षी एरॉल फ्लिन यांची भूमिका असलेला हॉलिवूडचा ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा’ हा चित्रपट लंडनमध्ये लागला आणि ब्रह्मदेश जणू अमेरिकी सैनिकांनीच जिंकला, असे त्यात दिसत असल्याने मोठा गदारोळ होऊन तो मागे घ्यावा लागला. या पार्श्वभूमीवर रॉय यांच्या माहितीपटाला महत्त्व आले.

जॉन यांनी हवाई दलासाठी ‘जर्नी टुगेदर’ (१९४५) हा चित्रपट केला. वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांची ही कथा होती आणि नाटककार टेरेन्स रॅटिगन यांनी ती लिहिली होती. हवाई दलातच असलेल्या रिचर्ड ॲटनबरो या तरुण नटाला त्यात प्रमुख भूमिका मिळाली. १९८२ मध्ये ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शन करून भारतात घरोघरी पोहोचलेले ॲटनबरो ते हेच. नट म्हणून त्यांना घडवण्यात बोल्टिंग बंधूंचा वाटा मोठा आहे.

शांतता प्रस्थापित झाल्यावर दोघे भाऊ पुन्हा आपल्या संस्थेत परतले. १९४७ मध्ये रॉय यांनी दिग्दर्शित केलेला ‘फेम इज द स्पर’ हा चित्रपट हॉवर्ड स्प्रिंग यांच्या कादंबरीवर आधारित होता. गरीब वस्तीतून वर आलेला मजूर पक्षाचा एक नेता सत्तेच्या पायऱ्या चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर आपल्या तत्त्वांपैकी काहीतरी मागे टाकतो, अशी ही कथा. हे पात्र रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्यावरून बेतलेले असल्याचे सर्वसाधारणपणे मानले गेले. गोलमेज परिषदा भरवणारे आणि ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर करणारे पंतप्रधान म्हणून मॅकडोनाल्ड यांचे नाव आपल्याकडे परिचित आहे. त्याच निवाड्यातून पुढे येरवडा कारागृहातील उपोषण आणि पुणे करार घडून आला. चित्रपटातील नेत्याकडे एक तलवार असते. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या पीटरलू मैदानावर निःशस्त्र जमावावर घोडदळाने हल्ला केला, तेव्हाची ती तलवार तो तरुणपणी सभांमधून उंचावून दाखवतो. म्हातारपणी तो ती म्यानातून उपसू पाहतो, पण तलवार गंजून म्यानातच अडकून बसलेली असते. मजूर पक्षाचे सरकार सत्तेवर असताना हा चित्रपट काढणे, ही काही सोयीची गोष्ट नव्हती. तिकीटबारीवर तो चालला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस पडद्यावर आलेल्या ‘ब्रायटन रॉक’ने मात्र खळबळ उडवून दिली. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाचे दिग्दर्शन जॉन यांचे, तर पटकथा ग्रीन आणि रॅटिगन यांची. समुद्रकिनाऱ्यावरील एका हवापालटाच्या शहरात वावरणारा पिंकी हा कोवळ्या वयाचा निर्दय गुंड ॲटनबरो यांनी साकारला. त्यात दाखवलेली हिंसा त्या काळच्या समीक्षकांना पचली नाही. आज युद्धोत्तर ब्रिटिश चित्रपटांच्या कोणत्याही यादीत त्याचे स्थान वरचे असते. पिंकीने आपल्या भोळ्या पत्नीसाठी एका ध्वनिमुद्रिकेत तिच्याविषयीचा तिरस्कार नोंदवून ठेवलेला असतो. कादंबरीच्या अखेरीस ती मुलगी ते ऐकण्यासाठी घराकडे निघते. चित्रपटात ग्रामोफोनची सुई नेमकी प्रेमाच्या शब्दांवर अडकते आणि पुढचे विष तिच्या कानी पडतच नाही. हा शेवट भाबडा की अधिक क्रूर, यावर अद्याप वाद झडतात. प्रस्तुत शेवट सौम्य भासला, तरी ती मुलगी आयुष्यभर एका खोट्यावर विसंबून राहणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

१९५० चा ‘सेव्हन डेज टू नून’ हा दोघांच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत निर्दोष चित्रपट. सोव्हिएत संघाने ऑगस्ट १९४९ मध्ये पहिली अणुचाचणी केली होती. ब्रिटनचा स्वतःचा अणुबॉम्ब अद्याप चाचणीपर्यंत पोहोचायचा होता. अशा वेळी एक सौम्य स्वभावाचा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून बॉम्ब पळवतो आणि सरकारने अशी शस्त्रे बनवणे सात दिवसांत थांबवले नाही, तर लंडनच्या मध्यभागी त्याचा स्फोट घडवण्याची धमकी देतो. साऱ्या राजधानीतून लोकांना हलवले जाते. ओस पडलेले रस्ते, मोकाट फिरणारी कुत्री, मोहिमेवर निघालेल्या सैनिकांच्या तुकड्या, हे सारे भल्या पहाटे, शहर जागे होण्यापूर्वी खऱ्या लंडनमध्ये चित्रित करण्यात आले. नामांकित नटांना टाळून बॅरी जोन्स यांना शास्त्रज्ञाची भूमिका देण्यात आली, त्यामुळे रस्त्यातून जाणारा कोणताही वयस्क गृहस्थ तो असू शकेल, असे वाटत राहते. पॉल डेन आणि जेम्स बर्नार्ड यांना या कथेसाठी ऑस्कर मिळाले.

पुढची काही वर्षे फारशी उल्लेखनीय नाहीत. ब्रिटन महोत्सवानिमित्त जॉन यांनी १९५१ मध्ये चित्रपट-संशोधक विल्यम फ्रीझ-ग्रीन यांच्या जीवनावर ‘द मॅजिक बॉक्स’ केला. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासह अनेक नामवंत नटांनी त्यात लहानसहान भूमिका केल्या, तरी व्यवसायाच्या दृष्टीने तो अपयशी ठरला. रॉय यांनी अमेरिकी कंपन्यांसाठी काही चित्रपट दिग्दर्शित केले. एके काळी नाझींविरुद्ध आणि अणुबॉम्बविरुद्ध आवाज उठवणारे हे निर्माते आता इतर अनेकांसारखे झाले की काय, अशी शंका यावी, असा तो काळ होता.

कलाटणी मिळाली ती १९५६ मध्ये. ॲलन हॅकनी यांच्या कादंबरीवरून जॉन यांनी ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’ हा विनोदी चित्रपट दिग्दर्शित केला. ब्रिटिश पडद्यावर तोवर युद्ध म्हणजे शौर्य, त्याग आणि निश्चयी चेहरे असेच समीकरण होते. येथे मात्र सैनिक कामचुकार होते, कोठारातील माल गायब करणारे होते आणि एक वरिष्ठ अधिकारी तर जर्मनीतील कलावस्तूंची लूट करण्याची योजना आखत होता. या साऱ्यात सापडलेला सरळमार्गी, गोंधळलेला स्टॅन्ली विंडरश इयन कारमायकेल यांनी रंगवला. युद्ध खात्याने सहकार्य नाकारले. त्यावर बंधूंनी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कोणाचेही सहकार्य न लाभल्याबद्दल साभार नोंद केली. स्वतः सैन्यात राहून आलेल्या लाखो प्रेक्षकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला. वृत्तपटांत न आलेले सैन्य त्यांना येथे प्रथमच दिसले होते.

मग या मालिकेला खंड पडला नाही. वकिली व्यवसायावर ‘ब्रदर्स इन लॉ’ (१९५७), विद्यापीठीय जगावर किंग्जली एमिस यांच्या कादंबरीवरील ‘लकी जिम’ (१९५७) आणि परराष्ट्र खात्यावर ‘कार्लटन-ब्राऊन ऑफ द एफ. ओ.’ (१९५९) असे एकामागून एक चित्रपट आले. टेरी-थॉमस, डेनिस प्राइस, ॲटनबरो हे नट पुन्हापुन्हा दिसत राहिले. एखाद्या नाटकमंडळीचे फिरते प्रयोग पाहावेत, तसे प्रेक्षकही त्यांची वाट पाहत.

या सर्वांचा कळस म्हणजे १९५९ चा ‘आय ॲम ऑल राइट जॅक’. आपले भागले, इतरांचे ते पाहून घेतील, अशा वृत्तीला इंग्रजीत हा वाक्प्रचार लावला जातो. सैन्यातून सुटलेला विंडरश आता आपल्या मामाच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात साधा कामगार म्हणून लागतो आणि उत्साहाच्या भरात इतरांपेक्षा जास्त काम करून बसतो. त्यावरून संप होतो. तो संप व्हावा, हीच तर मालकांची इच्छा असते, कारण परदेशी शस्त्रकरारातील त्यांचा गैरव्यवहार त्यावर अवलंबून असतो. कामगारांचा पुढारी फ्रेड काइट याची भूमिका पीटर सेलर्स यांनी केली. आखूड कापलेले केस, हिटलरी वळणाच्या मिशा, अंगाला न बसणारा कोट, नियमपुस्तिकेतील जडजंबाल भाषा आणि न पाहिलेल्या सोव्हिएत रशियाविषयी डोळ्यांत येणारे स्वप्नाळू पाणी. सेलर्स यांना ही भूमिका आरंभी विनोदी वाटलीच नव्हती, असे सांगितले जाते. चाचणी-चित्रणाच्या वेळी सेटवरील तंत्रज्ञच हसू लागले, तेव्हा त्यांची खात्री पटली.

ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वाधिक गर्दी खेचणारा हा चित्रपट ठरला. सेलर्स यांना आणि पटकथेला ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पुरस्कार मिळाले. डाव्या वर्तुळात मात्र नाराजी पसरली. जॉन आणि रॉय यांनी आपली जुनी बाजू सोडली, असा आरोप झाला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, परंतु ते अर्धेच आहे. चित्रपटातील मालकवर्ग काइटपेक्षा कितीतरी अधिक लबाड आहे. काइट मूर्ख असला, तरी चोर नाही. पत्नी घर सोडून गेल्यावर अस्ताव्यस्त स्वयंपाकघरात एकटा पडलेला काइट पाहताना हसू आवरते. ‘फेम इज द स्पर’मधील नेत्याविषयी जी कणव होती, ती येथेही शिल्लक आहे.

योगायोग असा, की याच सुमारास स्वतः बोल्टिंग बंधूंचा कामगार संघटनेशी खटका उडाला. चित्रपट तंत्रज्ञांच्या संघटनेने त्यांच्याकडे सदस्यत्वाचा आग्रह धरला. आपण कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक आहोत, कामगारांना नोकरी देणारे आहोत, तेव्हा त्याच कामगारांच्या संघटनेचे सभासद कसे होणार, असा त्यांचा प्रश्न होता. दिग्दर्शक म्हणून तुम्ही आमच्यापैकीच आहात, असे संघटनेचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. १९६३ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तीन न्यायाधीशांपैकी लॉर्ड डेनिंग यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. एकच माणूस मालक आणि कारागीर दोन्ही असू शकतो का, या मूळ प्रश्नाचे उत्तर बोल्टिंग यांच्या स्वतंत्र संस्थेच्या रचनेतच दडलेले होते, आणि ते दोघांनाही अडचणीचे होते.

स्वातंत्र्याची दुसरी लढाई पैशाची होती. चित्रपटगृहांच्या दोन मोठ्या साखळ्या, रँक आणि एबीसी, यांनी नाकारलेला चित्रपट ब्रिटनमध्ये जवळपास मृतच समजला जाई. त्यांच्याशी टक्कर देऊ शकेल अशी तिसरी शक्ती म्हणून ब्रिटिश लायन या कंपनीकडे पाहिले जात होते. ब्रिटिश सरकारने १९४९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट अर्थसाहाय्य महामंडळ स्थापन केले. भारतात फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० मध्ये अस्तित्वात आले. या ब्रिटिश महामंडळाचे तब्बल ३० लाख पौंडांचे कर्ज ब्रिटिश लायनमध्ये अडकले आणि १९५४ मध्ये कंपनी सरकारनियुक्त व्यवस्थापकाच्या ताब्यात गेली. तिची पुनर्रचना झाल्यावर १९५८ मध्ये बोल्टिंग बंधू आणि फ्रँक लाँडर व सिडनी गिलियट ही दुसरी जोडी संचालक मंडळावर आली. चित्रपट बनवणाऱ्यांनीच वितरण कंपनी चालवावी, असा हा प्रयोग काही वर्षे खरोखर यशस्वी झाला. सरकारने १९६४ मध्ये आपला हिस्सा विकायचे ठरवले, तेव्हा तो मिळवण्यासाठी मोठी चुरस झाली. अखेर मायकेल बाल्कन यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे कंपनी गेली आणि बोल्टिंग बंधू त्या गटात होते. पुढे जॉन यांच्याकडे व्यवस्थापनाची मुख्य जबाबदारी आली. त्यांनी १९६५ नंतर एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. कंपनी वाचवण्याच्या धडपडीत ब्रिटनने एक उत्तम दिग्दर्शक गमावला, असे म्हणावे लागते. १९७२ मध्ये कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने घेतली.

दिग्दर्शक म्हणून जॉन यांचे अखेरचे लक्षणीय काम ‘हेवन्स अबव्ह’ (१९६३) हे होय. चुकीने श्रीमंत गावात नेमला गेलेला एक पाद्री बायबलचा उपदेश शब्दशः आचरणात आणू लागतो आणि गावाचे अर्थकारणच कोलमडते. सेलर्स यांनी या पाद्र्याला कोठेही विदूषक होऊ दिलेले नाही.

रॉय यांचा ‘द फॅमिली वे’ (१९६६) वेगळ्या जातीचा आहे. लँकेशायरमधील एका कामगार कुटुंबातील नवविवाहित जोडपे सासरच्या छोट्या घरात राहते. पातळ भिंती, सतत वावरणारी माणसे, त्यातून येणारा संकोच आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज, असा हा नाजूक विषय. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांनी याला संगीत दिले. बिल नॉटन यांच्या ज्या नाटकावर हा चित्रपट आधारलेला आहे, त्याच नाटकाचे अयूब खान-दीन यांनी २००७ मध्ये ‘रफ्ता रफ्ता’ या नावाने रूपांतर केले. बोल्टन येथील भारतीय वंशाच्या कुटुंबात ती कथा जराही न खटकता सामावली. चित्रपटातील वधू हेली मिल्स या रॉय यांच्याहून ३२ वर्षांनी लहान होत्या. दोघांनी १९७१ मध्ये विवाह केला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा बराच गवगवा केला. १९७७ मध्ये ते विभक्त झाले.

यानंतरचा उतार मात्र स्पष्ट दिसतो. ‘ट्विस्टेड नर्व्ह’ (१९६८) मध्ये मतिमंदत्वाचा संबंध गुन्हेगारीशी जोडल्याबद्दल सार्थ टीका झाली आणि चित्रपटाच्या आरंभी खुलासा जोडावा लागला. ‘सॉफ्ट बेड्स, हार्ड बॅटल्स’ (१९७४) मध्ये सेलर्स यांनी हिटलरसह अनेक भूमिका केल्या, तरी चित्रपट कोसळला. ‘पास्टर हॉल’ काढणाऱ्यांनी त्याच हिटलरला अशा सवंग प्रहसनात आणावे, हे पाहणाऱ्याला खिन्न करते.

जॉन यांचे १७ जून १९८५ रोजी कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी रॉय यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल मालिकेतील ‘द मूव्हिंग फिंगर’ दिग्दर्शित केला. थोरल्या भावाने ज्या लेखिकेचे नाटक रंगभूमीवर आणले होते, तिच्याच कथेपाशी रॉय यांचे दिग्दर्शन थांबले. ५ नोव्हेंबर २००१ रोजी ऑक्सफर्डशायर परगण्यात वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रॉय आणि हेली मिल्स यांचे पुत्र क्रिस्पियन मिल्स यांच्या ‘कुला शेकर’ या वाद्यवृंदाचे ‘गोविंद’ हे संस्कृत शब्दांतील गीत १९९६ मध्ये ब्रिटनमधील पहिल्या दहा लोकप्रिय गीतांत पोहोचले होते.